बोगद्यापासून बोल्टपर्यंत

मामा : तुझ्या या डिजिटल ट्विनमधली किती मॉडेलं तू स्वतः लिहिली आहेस?

भाची : तीनच. बोगदा, उल्लोळ विहीर आणि पेनस्टॉक. टर्बाइनचं मॉडेल टर्बाइन बनवणाऱ्यांनी दिलं, गव्हर्नरचं गव्हर्नरवाल्यांनी, जनित्र आणि एक्सायटरचं तिसऱ्याच कंपनीनं.

मामा : त्यांच्या मॉडेलांच्या आत काय लिहिलंय ते तुला दिसतं?

भाची : नाही. बंद डबा येतो. आत काय जातं आणि बाहेर काय येतं, तेवढंच कळतं.

मामा : मग हे अठरा धान्यांचं कडबोळं झालं. याच्या भरवशावर आम्ही मशीन चालवायचं?

मामांची सारी नोकरी सह्याद्रीच्या पोटातल्या पॉवरहाऊसमध्ये झाली. भाची पुण्यात सिम्युलेशनच्या कामात आहे. दोघं कुठल्या एका केंद्राबद्दल बोलत नव्हते, पण वाचकांनी डोळ्यांसमोर कोयनेसारखी रचना ठेवावी. घाटमाथ्यावर जलाशय, डोंगरातून गेलेला बोगदा, त्याच्या टोकाशी उल्लोळ विहीर, तिथून खाली उतरणारे पेनस्टॉक, भुयारातलं पॉवरहाऊस आणि वाशिष्ठीकडे निघालेलं अवजल. कोयनेच्या चौथ्या टप्प्यात 250 मेगावॉटचे 4 संच आहेत. अशा केंद्राच्या प्रत्येक भागाचं गणिती मॉडेल घ्यायचं, ती मॉडेलं एकमेकांना जोडायची आणि खऱ्या केंद्रातून येणाऱ्या मोजमापांशी ती सतत ताडून पाहायची, हे भाचीचं काम. मायकेल ग्रीव्ह्‌ज यांनी 2002 मध्ये मिशिगनला ही कल्पना मांडली आणि नासाच्या 2010 च्या आराखड्यामुळे तिचं नाव रूढ झालं. मला इतिहासापेक्षा या दोघांच्या वादात जास्त रस आहे, कारण पुढच्या दहा-वीस वर्षांत आपल्याकडची जुनी केंद्रं कशी सांभाळली जातील, हे याच वादावर ठरणार आहे.

भाची : मामा, बंद डब्याला नाइलाज आहे. टर्बाइनवाल्यानं आपलं आयुष्यभराचं संशोधन उघड करून का द्यावं? मोटारवाल्यांपुढेही हाच पेच होता. इंजिन एकाचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, ब्रेक तिसऱ्याचे. म्हणून युरोपात त्यांनी मिळून फंक्शनल मॉक-अप इंटरफेस नावाचं प्रमाण केलं, एफएमआय. पहिली आवृत्ती 2010 ची, दुसरी 2014 ची, तिसरी 2022 ची. डबा म्हणजे साधी झिप फाइल असते. आत एक एक्सएमएल यादी, तिच्यात इनपुट कोणते, आउटपुट कोणते, एककं कोणती ते लिहिलेलं. बाकी सगळा संगणकाला कळेल असा, पण माणसाला वाचता येणार नाही असा कोड. मी बाहेरून सांगायचं, ‘एवढा दाब आहे, 10 मिलिसेकंद पुढे चल.’ तो पुढे जातो आणि सांगतो, ‘एवढं पाणी घेतलं, एवढा टॉर्क दिला.’

मामा : आणि त्या 10 मिलिसेकंदांत पेनस्टॉकच्या डब्याला टर्बाइनमध्ये काय चाललंय ते कळत नाही.

भाची : नाही कळत. तो मागचाच आकडा धरून बसतो.

मामा : खऱ्या पाण्याला मागचा आकडा धरून बसायची सोय नाही. दाब आणि प्रवाह एकाच क्षणी एकमेकांना ठरवतात.

मामांनी इथे नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पेनस्टॉकमधलं पाणी अचानक अडवलं तर दाबाची लाट उठते. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून तिचं गणित मांडलं. पोलादी नळात ही लाट सेकंदाला हजार मीटरच्या आसपास पळते. सेकंदाला 1 मीटर वेगानं चाललेलं पाणी एकदम थांबवलं, तर सुमारे 100 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब वाढतो. नळ हजार मीटरचा असेल, तर लाटेला वर जाऊन परत यायला 2 सेकंद लागतात. त्या 2 सेकंदांत गाइड व्हेन पूर्ण मिटल्या, तर बचावाला लाट परतलेलीच नसते. उल्लोळ विहिरीतलं पाणी मात्र मिनिटांच्या हिशेबानं वरखाली होतं, जनित्र ग्रिडच्या तुलनेत सेकंदाच्या आत-बाहेर डोलतं आणि एक्सायटरच्या आतली हालचाल मिलिसेकंदांची. एकाच केंद्रात ही चार घड्याळं चाललेली असतात. त्यांना एका पडद्यावर आणताना कोणी कोणासाठी किती थांबायचं, हे ठरवणं या कामातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आहे.

भाची : सांध्यावर गडबड होते, हे मला मान्यच आहे. दोन डबे शिळे आकडे देत-घेत राहिले तर सांध्यावर नसलेली ऊर्जा तयार होते. पडद्यावर दोलनं दिसतात, ती पाण्याची नसतातच मुळी, माझ्या जोडणीची असतात. कधी उलट होतं आणि खरी दोलनं दबून जातात. ते जास्त धोक्याचं.

मामा : मग ओळखायचं कसं?

भाची : देवघेवीचा काळ निम्मा करायचा आणि सगळं पुन्हा चालवायचं. उत्तर बदललं, तर ते उत्तर केंद्राचं नव्हतं. शिवाय प्रत्येक सांध्यावर हिशेब ठेवायचा. पेनस्टॉकनं दाब गुणिले प्रवाह एवढी शक्ती दिली, टर्बाइनला तेवढीच पोचली का? फरक वाढत गेला तर तिथेच थांबायचं. दोन्ही भाग माझ्या हातात असतील, तर मी त्यांना वेगळे डबे करतच नाही. बोगदा, विहीर आणि पेनस्टॉक यांची समीकरणं मी एकत्रच सोडवते. डबा फक्त जिथे आत बघायची मुभाच नाही तिथे.

मामा : हे बरं केलंस. पण माझा मूळ मुद्दा तसाच राहिला. प्रत्येक भाग आपापल्या जागी बरोबर असला म्हणजे केंद्र बरोबर असतंच असं नाही.

भाची : तोच तर माझा मुद्दा आहे, मामा! जर्मनीतलं हाइमबाखचं केंद्र आठवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. बोगदा ठीक, विहीर ठीक, गव्हर्नर ठीक. पण चालू झाल्यावर विहिरीतलं पाणी डोलायला लागलं आणि ते डोलणं शमेना. विहिरीतली पातळी खाली गेली की टर्बाइनला दाब कमी मिळतो. गव्हर्नर आपलं काम चोख करतो, वीज कमी पडू नये म्हणून गाइड व्हेन आणखी उघडतो. त्यानं पाणी जास्त ओढलं जातं आणि पातळी आणखी उतरते. यात चूक कोणाचीच नाही. डीटर थोमा यांनी 1910 मध्ये याचं गणित केलं आणि विहिरीचं क्षेत्रफळ किमान किती हवं ते सांगितलं. नुसत्या गव्हर्नरचं मॉडेल वर्षभर चालवलं असतं तरी हे दिसलं नसतं, आणि नुसत्या विहिरीचंही. दोन्ही जोडल्यावरच दिसतं.

मामा : थोमांनी ते कागदावर दोन-चार समीकरणांत दाखवलं. कारण त्यांना दोन्ही भाग आतून कळले होते. तुझ्याकडे एक भाग बंद आहे. एरियान 5 चं काय झालं? 4 जून 1996. दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान 4 वर उत्तम चाललेलं. तेच नव्या रॉकेटवर घेतलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे 64 बिटांतला आकडा 16 बिटांत मावला नाही, दोन्ही यंत्रणा बंद पडल्या आणि उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. डबा चांगला होता. कुठल्या हद्दीत चांगला होता, ते डब्यावर लिहिलेलं नव्हतं. तुझ्या एक्सएमएल यादीत एककं असतात म्हणालीस. हद्द असते का?

भाची : आकड्याची किमान आणि कमाल मर्यादा लिहायची सोय आहे. पण या हेडला, एवढ्या उघडीपला हे मॉडेल प्रत्यक्षात ताडून पाहिलंय आणि याच्या पलीकडे नाही, अशी खरी हद्द बहुतेक जण लिहीत नाहीत.

मामा : आणि टर्बाइनच्या डब्यात असतं काय? हिल चार्टच ना?

भाची : हो. प्रयोगशाळेत छोटा रनर चालवून काढलेला कार्यक्षमतेचा नकाशा, मोठ्या रनरला मोजून लावलेला.

मामा : म्हणजे स्थिर स्थितीतला. तुझ्या पडद्यावर 40 टक्के लोडला वीजनिर्मितीची रेघ सरळ जाते. तू त्याच वेळी खाली ये आणि ड्राफ्ट ट्यूबच्या मॅनहोलपाशी उभी राहा. पायाखालची जाळी थरथरत असते. कमी लोडला फ्रान्सिस टर्बाइनमधून पाणी पिळा घेऊनच बाहेर पडतं आणि ड्राफ्ट ट्यूबमध्ये दोरखंडासारखा भोवरा फिरायला लागतो. यंत्राच्या फेऱ्यांच्या साधारण पाचव्या हिश्शापासून दोनपंचमांशापर्यंतच्या गतीनं. मिनिटाला 375 फेरे असतील, तर सेकंदाला सव्वा ते अडीच ठोके. शिफ्टमधल्या कोणालाही ते छातीत जाणवतात. तुझ्या हिल चार्टमध्ये हा भोवरा कुठे आहे?

भाची : नाहीच. तो घालायचा तर ड्राफ्ट ट्यूबचं वेगळं मॉडेल लागतं, आणि त्यातले आकडे प्रत्यक्ष मोजमापातूनच काढावे लागतात.

इथवर मी मामांच्या बाजूनं झुकलो होतो. पण पुढे विषय जुळवणीचा निघाला, मॉडेलातले आकडे खऱ्या केंद्राशी जुळवून घेण्याचा. माझ्या मते या संवादातला सगळ्यात मोलाचा भाग तोच.

मामा : समजा, केंद्र 2 टक्के कमी वीज देतंय. तुझा संगणक आकडे हलवत बसेल आणि पडद्यावरची रेघ खऱ्या रेघेला टेकवेल. पण त्यानं काय हलवलं? बोगदा खरखरीत झाला म्हणून घट वाढली? रनर झिजला? की दाबाचं गेजच सरकलंय? तिन्हींपैकी काहीही हलवलं तरी रेघ जुळते.

भाची : एकाच स्थितीतला डेटा घेतला तर जुळते, खरं आहे. म्हणून वेगवेगळ्या लोडचा डेटा लागतो. बोगद्यातल्या घर्षणाची घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक संच चालू असताना ती 1 मीटर असेल, तर चारही संच पूर्ण लोडला असताना 16 मीटर. गेज सरकलं असेल तर चूक दोन्ही वेळी सारखीच. आणि रनरची झीज संचागणिक वेगळी, उघडीप बदलली की तिचा परिणामही बदलतो.

मामा : मग असं कर. आधी सगळे संच बंद असताना गेज बघ. उभ्या पाण्याचा दाब जलाशयाच्या पातळीवरूनच ठरतो, त्यात ना बोगदा येतो ना रनर. तिथेच गेजची लबाडी पकडता येते. मग एक संच पूर्ण लोडला घे. लगेच आकडा लिहू नकोस, विहिरीतलं पाणी डोलत असतं. ते बसेपर्यंत थांब. मग दुसरा, तिसरा, चौथा, आणि प्रत्येक वेळी थांब. शेवटी एकेकटा संच आळीपाळीनं चालव, म्हणजे बोगदा तोच, प्रवाह तोच आणि फरक फक्त रनरचा.

भाची : एवढं कोणी करू देईल?

मामा : कळव्याच्या भार प्रेषण केंद्राला आधी सांगावं लागेल. चारही संच एकाच वेळी उभे ठेवायचे तर मागणी कमी असलेली रात्र हवी. पण वार्षिक देखभालीच्या आधी आणि नंतर एकदा तरी हे करायला हवं. नाहीतर तुझा ट्विन चुकीच्या कारणासाठी बरोबर उत्तर देत राहील आणि एक दिवस तोंडघशी पाडेल.

भाचीनं हे तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं. महागड्या सेन्सरांची लांबलचक यादी मागण्याआधी असा एक क्रम आखून घेतला, तर जुन्याच गेजमधून केवढं तरी निघतं. हे ज्ञान कुठल्याच डब्यात बसून आलेलं नव्हतं. ते शिफ्ट केलेल्या माणसाकडे होतं, आणि मॉडेलाला नेमकं काय हवंय हे भाचीनं सांगितल्यावर ते बाहेर आलं.

भाची : आणि झीज म्हणाल तर हिमालयात बघा. सतलजवरचं नाथपा झाकडी, 1500 मेगावॉटचं. पावसाळ्यात क्वार्ट्‌झची वाळू येते आणि रनर, गाइड व्हेन सगळं खाते. गाळ 5000 पीपीएमच्या वर गेला की संच बंद ठेवतात. तिथे जूनमधला आणि ऑक्टोबरमधला रनर सारखा नसतो. हिल चार्ट एकदाच मिळालेला, कारखान्यातून आला त्या दिवसाच्या रनरचा. तिथे वर्षभर एकच मॉडेल चालवणं म्हणजे नसलेलं यंत्र चालवणं.

मामा : ठीक. आता मला एक सांग. सायानो-शुशेन्स्काया तुझ्या ट्विननं वाचवलं असतं का?

भाची : (थोडं थांबून) त्या अपघाताचा अहवाल मी वाचला आहे. म्हणूनच मला वाटतं की असे ट्विन हवेत.

सायबेरियातल्या येनिसेई नदीवरचं हे केंद्र, 640 मेगावॉटचे 10 संच. 17 ऑगस्ट 2009 च्या सकाळी दुसऱ्या संचाच्या टर्बाइनचं झाकण धरून ठेवणारे बोल्ट तुटले, रोटरसकट सगळं वर उसळलं आणि यंत्रदालनात पाणी घुसलं. 75 माणसं गेली. तपासात बऱ्याच बोल्टना थकव्याच्या जुन्या भेगा आढळल्या. आदल्या रात्री दूरच्या ब्रात्स्क केंद्रात आग लागली होती. त्यामुळे ग्रिडमधले चढउतार सांभाळायचं ब्रात्स्कचं काम सायानोवर आलं आणि या दुसऱ्या संचाचं लोड वरखाली होऊ लागलं. तसं होताना तो चालवण्यास अयोग्य ठरवलेल्या टप्प्यातून पुन्हा पुन्हा गेला.

भाची : ब्रात्स्कची आग, ग्रिड, गव्हर्नर, टर्बाइनमधलं धडधडणं, झाकण आणि शेवटी बोल्ट. ही साखळी पाच-सहा डब्यांतून जाते. ग्रिडवाल्याला बोल्ट माहीत नाही, बोल्टवाल्याला ग्रिड माहीत नाही. जोडलेलं मॉडेल असतं, तर प्रत्येक वेळी त्या टप्प्यातून जाताना बोल्टच्या आयुष्यातलं किती खर्च झालं ते मोजता आलं असतं.

मामा : थांब. तुझ्या यादीत बोल्टचा डबा असता का?

भाची : …नसता.

मामा : का?

भाची : निविदेत बोगदा, टर्बाइन, गव्हर्नर, जनित्र असतं. बोल्ट कोणी मागत नाही.

मामा : मला तेच म्हणायचं होतं. कोणाला सुचलं तेवढंच तुमच्या मॉडेलात असतं. आणि तिथे कंपनं मापात होती असं थोडंच आहे? ती वाढलेली होती, नोंदलेली होती, तरी मशीन चालू राहिलं. आणखी एक पडदा लावून काय झालं असतं?

भाची : बोल्ट यादीत नसता, पण कंपनाचा आकडा तर असता. माझं मॉडेल म्हणतं, या लोडला या संचानं एवढंच हलावं. खरं यंत्र त्याहून जास्त हलतंय, आणि हा फरक महिन्याकाठी वाढतोय. झीज, गेज, लोड, हेड, सगळं हिशेबात घेऊनही तो उरतोच. म्हणजे माझ्या डब्यांबाहेर काहीतरी घडतंय. ते काय, हे मॉडेल सांगणार नाही. पण ‘मला हे समजत नाही’ एवढं ते वेळेवर आणि आकड्यात सांगू शकतं. नुसत्या कंपनाच्या मर्यादेनं हे कळत नाही, कारण लोड बदललं की कंपन बदलतंच, आणि माणसं म्हणतात, आज लोड तसं होतं.

मामा : असं म्हणतात खरं. मीही ऐकलंय ते.

माझं मत इथे पक्कं झालं. जोडून केलेल्या ट्विनची किंमत त्याच्या जुळलेल्या रेघांवरून करू नये. सगळं हिशेबात धरूनही जो फरक उरतो, तो लपवला जातो की रोज कोणाच्या तरी टेबलावर ठेवला जातो, ते आधी बघावं. आकडे आपोआप जुळवून घेणारी पद्धत बेफामपणे चालवली, तर ती हाच फरक गिळून टाकते. झाकणाचे बोल्ट थकत असतात आणि ट्विन शांतपणे रनरची झीज वाढवून रेघ जुळवत राहतो. त्यामुळे कोणता आकडा किती वेगानं आणि कुठवर हलू द्यायचा, ही मर्यादा केंद्र चालवणाऱ्या माणसानं घालायला हवी. ती संगणकावर सोडणं मला धोक्याचं वाटतं.

मामा : अजून एक. ओव्हरहॉलमध्ये सीलचा क्लिअरन्स बदलतो. तुझ्या मॉडेलातला आकडा कोण बदलणार?

भाची : सध्या कोणीच नाही. मला सहा महिन्यांनी कळतं, तेही कोणी सांगितलं तर.

मामा : मग ओव्हरहॉलच्या तक्त्यातच तो रकाना घाल. सीलचा क्लिअरन्स, सर्व्होमोटरच्या स्ट्रोकला गाइड व्हेनची उघडीप किती, झाकणाच्या बोल्टचा ताण आणि अल्ट्रासॉनिक तपासणीत काय दिसलं ते. ज्यानं मोजलं त्याची सही. ही सही झाल्याशिवाय संच ट्विनमध्ये ‘चालू’ दिसता कामा नये.

भाची : हे मी लिहून घेतलं. गव्हर्नरच्या डब्याचं काय करू? तो तर उघडणार नाहीत ते.

मामा : उघडू नका म्हणावं. पण पुढच्या निविदेत अट घाल. डब्याबरोबर त्याची हद्द लेखी द्यायची, आणि कमिशनिंगच्या वेळच्या लोड रिजेक्शन चाचण्यांचा कच्चा डेटाही द्यायचा. पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण लोडवरून संच ट्रिप करून त्या चाचण्या घेतातच. दाब कुठवर चढला, वेग कुठवर गेला, सगळं तिथे असतं. तुझा जोडलेला ट्विन त्या चारही रेघांवर बसला पाहिजे, आणि जुळवणीसाठी त्यातल्या दोनच वापरायच्या.

भाची : उरलेल्या दोन परीक्षेला.

मामा : हो. आणि पूर्ण लोडची परीक्षेलाच ठेव. दाब सगळ्यात जास्त तिथेच चढतो.